मेयोतले काउबॉय आणि चौदा काजांचं जाकीट

आयर्लंडहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो मला हिरवळीबद्दल विचारतो. हिरवळ आहे. बघाल तिकडे आहे. मेंढ्या आहेत, दिवसातून चार वेळा पाऊस आहे, माणसं बोलायला गोड आहेत. हे तुम्हाला तिथं जाऊन आलेलं कोणीही सांगेल. मी सांगणार आहे ते एका जाकिटाबद्दल, कारण त्या जाकिटापायी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शमलेला नाही.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी अडतीस वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला. ऐतिहासिक नाटकांचे अंगरखे, जामे, शालू, गोऱ्या साहेबांचे कोट, सगळं माझ्या हातचं. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसत नाही म्हणून आतून कच्चं ठेवणारा शिंपी मी नव्हे. मुलगी मृणाल इंजिनिअर झाली आणि गेली सात वर्षं आयर्लंडमध्ये एनिस नावाच्या गावात राहते. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी आहे. जावई दोन महिन्यांसाठी कामानिमित्त पुण्याला येणार होते, तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं.

एनिस

एनिस टुमदार आहे. अरुंद रस्ते, रंगीत दुकानं, मधून नदी. तिसऱ्याच दिवशी मृणाल कामावर जाता जाता म्हणाली, "अप्पा, तुमचा स्वेटर प्रेसमध्ये आहे." मला वाटलं, इस्त्रीला दिलाय. दुपारपर्यंत कुडकुडत बसलो. संध्याकाळी कळलं की तिथं कपाटाला प्रेस म्हणतात. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, स्वेटर काढला, आणि त्याच्यामागे मला रुंद काठाची टोपी दिसली. टोपीखाली काडतुसं खोवायला घरं असलेला चामडी पट्टा. पट्ट्याला म्यान, म्यानात पिस्तूल.

मी कपाट धाडकन लावलं आणि मग पुन्हा उघडलं. पिस्तूल लाकडाचं आहे हे हातात घेतल्यावर समजलं.

मृणाल घरी आल्यावर मी ते सगळं टेबलावर मांडलं. "हे काय आहे?"

ती हसायला लागली. "छंद आहे अप्पा. काउबॉय शूटिंग."

तिनं समजावून सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या गुराख्यांसारखे कपडे घालायचे, त्या काळच्या घडणीच्या रायफलीनं लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा. वेळ मोजतात, नेम मोजतात आणि कपडेही तपासतात. पिस्तुलाचा परवाना तिथं सहजी मिळत नाही, म्हणून कमरेला लाकडी पिस्तूल. रायफल मात्र खरी, परवान्याची, वेगळ्या कुलपात. कॉलेजात एनसीसीत असताना तिचा नेम चांगला होता हे मला माहीत होतं. पण हे?

"आमच्याकडं गुराख्याच्या अंगावर धड सदरा नसतो," मी म्हणालो, "आणि तुम्ही शिकलेली माणसं हौसेनं गुराखी होता?"

"अप्पा, पहिले दोन हिवाळे मी कामावरून येऊन नुसती भिंतीकडं बघत बसायचे. कामावरच्या एका मैत्रिणीनं तिकडं नेलं म्हणून माणसांत आले."

त्यावर मी ते लाकडी पिस्तूल पुन्हा म्यानात ठेवलं. मग तिनं तिचा पोशाख दाखवला आणि माझं डोकं फिरलं. जाकीट इंटरनेटवरून मागवलेलं. कापड चकचकीत, नायलॉनचं. पुढं बटणांची रांग, पण ती नुसती शोभेची. आत चेन! त्या काळच्या जाकिटाला चेन! मुंढा, म्हणजे बाही जिथं खांद्याला जोडतात तो घेर, इतका सैल की हात वर केला की सगळं जाकीट बगलेत गोळा होणार. माझ्या नाटकात असला कपडा रंगमंचावर गेला असता तर मी पडदा पाडला असता.

"हे घालून तू लोकांसमोर उभी राहतेस? माझी मुलगी?"

पुढचे बारा दिवस मी एनिस बघितलं नाही. गावातल्या एका जुन्या दुकानातून जाड लोकरी कापड आणलं, शेवाळी रंगाचं. मृणालच्या मैत्रिणीच्या आईचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन मिळालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड बेतलं. पाठीला सहा तुकडे, म्हणजे कंबरेला बसतं आणि खांद्याला मोकळं राहतं. रायफल उचलायची आहे ना. आत सुती अस्तर. पुढं कापडानं मढवलेली चौदा बटणं, आणि चौदा काजं, सगळी हाताची. माझे डोळे आता पूर्वीचे नाहीत, त्यामुळं दिवसाला दोनपेक्षा जास्त काजं होईनात. मृणाल कामावरून आली की कच्चे टाके घालून मी तिच्या अंगावर माप बघायचो. ती लहान असताना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अशीच स्टुलावर उभी राहायची. तेव्हा चुळबुळ करायची. आता मोबाइल बघत स्थिर उभी राहायची, तेवढाच फरक.

कासलबार

या काउबॉय मंडळींचा मेळावा मेयो परगण्यात होता, कासलबार गावाच्या बाहेर, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. शनिवार आणि रविवार. आम्ही शुक्रवारी संध्याकाळीच पोचलो आणि नोरा नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. त्या खोल्या भाड्यानं देतात आणि सकाळी न्याहारी देतात. शनिवारी सकाळी त्यांनी ताटलीत काळ्या चकत्या वाढल्या.

"पुडिंग," त्या म्हणाल्या.

पुडिंग म्हणजे गोड, म्हणून मी मोठा घास घेतला. मृणाल घाईघाईनं म्हणाली, "अप्पा, थांबा, ते रक्ताचं असतं!" तोवर मी ओळखलं होतं. ही तर आपली रक्ती! गावाकडं बकरं कापलं की आई तव्यावर परतायची ती. फक्त यांच्याकडं तिखटाचा पत्ता नाही. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. नोराबाई इतक्या खूष झाल्या की त्यांनी भारतातल्या सगळ्या माणसांचं कौतुक केलं. सकाळ तरी आनंदात गेली.

खाणीत प्लायवूडचं गाव उभं केलेलं. एक बँक, एक दारूचा गुत्ता, एक तुरुंग, फक्त दर्शनी भिंती, आमच्या नेपथ्यासारख्या. तीसेक माणसं. लांब कोट, खांद्यांवरून विजारीचे गॅलिस, गळ्यात रुमाल, बुटांच्या टाचांना लोखंडी चकत्या. मी हात मागं बांधून फिरलो आणि प्रत्येकाला बघत गेलो. एकाच्या जाकिटाला कॉलरखाली चर्रकन सुटणारी वेल्क्रोची चिकटपट्टी. एकाचा 'जुना' सदरा नवा घेऊन मुद्दाम ब्लेडनं खरवडलेला. अरे, कपडा कोपरावर झिजतो, छातीवर कसा झिजेल? कानावरची प्लास्टिकची झाकणं आणि डोळ्यांवरचे चष्मे आजचे होते. त्याला माझी हरकत नाही. कान आणि डोळे पुन्हा मिळत नाहीत.

नेमबाजीला उभं राहण्याआधी प्रत्येकानं नाटकासारखं एक वाक्य मोठ्यानं म्हणायचं असतं. एकाचाही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नसता. मृणालची पाळी आली. तिनं वाक्य खणखणीत म्हटलं, रायफल खांद्याला लावली, खालची कडी ओढत एकामागून एक दहा पाट्या वाजवल्या. टण्, टण्, टण्. जाकीट बगलेत एवढंसंही गोळा झालं नाही. माझ्या शेजारचा एक मेंढपाळ, शेमस नाव, टोपी काढून म्हणाला, "तुमची मुलगी ना? भारी आहे." मला तो आवडला. त्याचा लांब तपकिरी कोट दिसायला बरा होता.

दुपारी पोशाखांचा निकाल. त्यात एक गट होता, स्वतः किंवा घरच्या माणसानं शिवलेल्या पोशाखांचा. तपासनीस रॉरी नावाचा, पांढऱ्या मिशांचा, भारदस्त. तो मृणालसमोर थांबला. जाकिटाची बाही बोटांत धरली, काजांवरून अंगठा फिरवला, आणि हसून म्हणाला, "सुरेख आहे. कुठून मागवलंस?"

"माझ्या वडिलांनी शिवलंय," मृणालनं माझ्याकडं हात केला.

रॉरीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान लववली. तो आणखी हसला. "नाही गं, ही सफाई कारखान्यातली आहे. तुमच्या इंडियात असलं काम स्वस्तात होतं, मला माहीत आहे. त्यात वाईट काही नाही. पण हा गट घरी शिवलेल्यांचा आहे."

आणि तो पुढं गेला. माइकवरून बक्षीस जाहीर झालं, निळी फीत, शेमसच्या कोटाला.

मी शेमसपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. वाऱ्यानं शेमसच्या कोटाची कड उलटली आणि मला आतली शिलाई दिसली. कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून घालतात ती मशीनची ओव्हरलॉक, पांढऱ्या दोऱ्याची, सरळ कारखान्यातून आलेली. मी पुढं झालो, तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणालो, "सर! इनसाइड! कोट इनसाइड बघा!"

रॉरीनं माझ्या खांद्यावर थोपटलं. "इट्स ग्रँड, इट्स ग्रँड."

मला वाटलं, तो जाकिटाला भव्य म्हणतोय. मृणालनं माझा हात घट्ट धरला. "ग्रँड म्हणजे ठीक आहे, आता पुरे, असं अप्पा. चला. प्लीज."

अडतीस वर्षांत मला नटांनी शिव्या दिल्या, निर्मात्यांनी ओरडून घेतलं. पण माझं काम माझं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि तेही काम चांगलं आहे म्हणून! वाईट शिवलं असतं तर बक्षीस मिळालं असतं, घरचं म्हणून.

तलावाकाठी

संध्याकाळी मृणालनं मला गावाजवळच्या तलावावर नेलं. तिकडं उन्हाळ्यात उजेड संपतच नाही. बाकावर बसलो. बदकं होती, पाणी रुप्यासारखं होतं, मला काही दिसत नव्हतं.

"तू मला का ओढलंस?"

"अप्पा, इथं असं भर मेळाव्यात कोणी भांडत नाही."

"आणि भर मेळाव्यात खोटारडं ठरवलेलं चालतं?"

"तो तसा वाईट नाहीये. माझी गाडी बंद पडली तेव्हा रात्री दीड तास गाडी चालवून आला होता." तिनं गवताची काडी मोडली. "तुम्ही महिन्याभरानं जाल. मला इथं राहायचंय. हीच माणसं आहेत माझी."

"तुझ्या माणसांनी तुला विचारलं, कुठून मागवलंस. शेमसला कोणी विचारलं?"

तिनं मोडलेली काडी पाण्यात टाकली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, मला सवय झालीये. कामावर पण असंच होतं. मागच्या वर्षी एका यंत्राचा दोष मी शोधून काढला, आराखडा मी केला. मीटिंगमध्ये साहेबानं विचारलं, हे आपल्या पुण्याच्या ऑफिसातून आलं का? सगळे हसले. मीही हसले. नंतर तो आराखडा दुसऱ्याच्या नावानं लागला."

"आणि तू काय केलंस?"

"ग्रँड म्हणाले."

रॉरीचा मला जितका राग आला होता त्याच्या दसपट राग मला त्या क्षणी आला. कोणावर, ते नीट सांगता येत नाही. थोडा तिच्यावरही आला, खोटं कशाला बोलू? पण तिच्या डोळ्यांत पाणी बघितल्यावर मी तिचा हात धरून उठलो आणि आम्ही परतलो.

रविवार

सकाळी नोराबाईंनी विचारलं आणि मृणालनं त्यांना सगळं सांगितलं. "युअर मॅन रॉरी!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. मी ठणकावलं, "नॉट माय मॅन." मृणाल खुदकन हसली. तिथं कुठल्याही पुरुषाला युअर मॅन म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

माझ्याजवळ माझा डबा होता. सुया, दोरा, बोटात घालायचं अंगुस्तान, मेण, कात्री. मी कुठंही गेलो तरी तो बरोबर असतो. खाणीत पोचल्यावर मी सरळ तपासनिसांच्या तंबूत गेलो, रॉरीच्या टेबलासमोर खुर्ची ओढली, जाकिटाच्या उरलेल्या कापडाचा तुकडा काढला आणि बसलो. मृणालला म्हणालो, "तू बोलू नकोस. मला ओढूही नकोस."

दोऱ्याला मेण लावलं. काज कापलं. टाका घातला, गाठ बसवली, पुढचा टाका. कोणी काही विचारलं तर मी वर बघत नव्हतो. हाताचं काज व्हायला वेळ लागतो. अर्धा तास गेला असेल. हळूहळू माणसं जमली. टोप्या, गॅलिस, बूट, सगळे माझ्या बोटांकडं बघत. एक बाई चष्मा लावून वाकल्या. बाहेरची नेमबाजी सुरू व्हायची वेळ टळून गेली, कोणी हललं नाही.

काज पुरं झालं. मी तो तुकडा टेबलावर ठेवला. मग मृणालला जाकीट काढायला लावलं, उलटं केलं, आणि शेजारी पसरलं. आतले टाके बाहेरच्यासारखेच होते. तुकड्यावरचं काज आणि जाकिटावरचं काज एका हातचं आहे हे आंधळ्यालाही बोट फिरवून कळलं असतं.

"नाउ दॅट कोट," मी म्हणालो.

रॉरीचा चेहरा लाल झाला. "हे बघा, एवढं काही..."

तोवर शेमसनं स्वतःच कोट काढला आणि उलटा करून टेबलावर टाकला. पांढरी ओव्हरलॉक, आणि मानेपाशी कातरून काढलेल्या लेबलाचे दोरे.

"विकतचा आहे," तो म्हणाला. "बायकोनं फक्त बाह्या आखूड केल्या. रॉरी म्हणाला, घरचाच ना? मी मान डोलावली."

रॉरी म्हणाला, "ठीक आहे, काही बिघडलं नाही. आपण दोघांनाही पहिलं बक्षीस देऊ."

दोघांनाही! मी उठून उभा राहिलो. पण माझ्याआधी मृणाल बोलली. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"रॉरी, तू मला विचारलंस, कुठून मागवलं. शेमसला विचारलंस, घरचाच ना. असं का?"

"माझ्या मनात तसं काही नव्हतं गं."

"माहीत आहे मला. मनात काही नसताना असं का झालं, तेच विचारतेय."

तंबूवर पाऊस वाजायला लागला. रॉरीनं मिशीवरून हात फिरवला आणि टेबलावरचे कागद सारखे केले. मृणालनं जाकीट सरळ केलं, अंगात घातलं, चौदाही बटणं सावकाश लावली आणि रायफल आणायला निघून गेली.

त्या दिवशी तिचा नेम दोनदा चुकला.

निघताना रॉरी आमच्या गाडीपाशी आला. इकडंतिकडं बघून त्यानं निळी फीत खिशातून काढली आणि मृणालच्या पुढं धरली. "हे घे. झालं ते झालं."

मृणालनं हात पुढं केला नाही. "काल माइकवर बोललास. आजही माइकवर बोल."

"आता तमाशा नको गं."

"मग राहू दे."

तो फीत धरून तसाच उभा राहिला. ती त्याच्या हातातून घेतली शेमसनं. तो चालत माइकपाशी गेला, ठोकून बघितला. "काल मला एक गोष्ट दिली गेली, ती माझी नव्हती," तो म्हणाला, "आणि मी ती घेतली. गप्प बसून घेतली." मग जाकीट शिवणारा म्हणून त्यानं माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला, अडखळला, मृणालला विचारलं, आणि परत घेतलं. थोड्या टाळ्या वाजल्या. काही माणसं बुटांकडं बघत होती. रॉरी तंबूत निघून गेला.

फीत शेमसनं माझ्या हातात दिली. मी त्याला म्हणालो, "यू, टुडे, गुड. यस्टरडे, नॉट गुड." तो म्हणाला, "खरंय." दोघांचंही त्यावर एकमत झालं.

परत एनिसला

दोन दिवसांनी मृणालच्या फोनवर रॉरीचा निरोप आला. कोणाला वाईट वाटलं असल्यास दिलगीर आहे. असल्यास! वाटलंय, आणि ते कोणाला वाटलंय हेही त्याला ठाऊक आहे. मी तिला म्हणालो, या 'असल्यास'ला उत्तर देऊ नकोस. तिनं दिलं नाही. पुढच्या मेळाव्याला जायचं की नाही तेही तिनं तेव्हा ठरवलं नव्हतं. तिची माणसं मी तिच्यापासून तोडली का, हा विचार मला परतीच्या विमानातही सोडत नव्हता.

सांगलीला येऊन आठवडा झाला असेल, तिचा फोन आला. कामावरून, मधल्या सुट्टीत.

"अप्पा, आज मीटिंग होती. साहेबांना विचारलं मी. त्या आराखड्यावर माझं नाव का नाही म्हणून."

"काय म्हणाला?"

"काही नाही. बघतो म्हणाला."

"मग?"

"मग मी म्हणाले, बघा, मी इथंच बसलेय. आणि बसून राहिले, अप्पा."